बाबारावांची शर्यतीची सायकल

पत्नी प्रभावतीबाई गेल्याची बातमी बाभुळगावात पसरली, त्या दिवसापासून बाबारावांशी कुणी साधं बोलत नव्हतं. भेटेल तो डोळे पुसायचा. वर्ष झालं तरी तेच. कुणीतरी आपल्याशी तुरीबद्दल, पाण्यापावसाबद्दल बोलावं, एवढंच बाबारावांना हवं होतं.

मुलगा रवी पुण्याला. वडिलांना विरंगुळा म्हणून त्याने सायकल पाठवली. बाबाराव रोज सकाळी तिच्यावर शेताकडे जाऊ लागले आणि प्रकरण वाढलं. सायकलवर इतकं वाकावं लागे, की रस्त्याशिवाय काही दिसत नसे. समोरचा माणूसच दिसत नसल्याने जय भीम घालायचा राहून जाई.

"मान खाली घालून जाते बिचारा," वामनराव पारावर म्हणाले. "लय खचला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच अडवली. "गेलेलं माणूस वापस येत नाही जी. सावरा सोताले."

"अहो, हँडल खाली हाय!"

"हाव, हाव. दुःखात असंच वाटते."

शेजारच्या विमलताईंनी डबा आणला. मग सगळ्या आळीतून डबे सुरू झाले. एका माणसाने किती पिठलं खावं? शेवटी शेजाऱ्यांनी बाबारावांच्याच अंगणात बुद्धवंदना ठेवली. सायकलमुळे त्यांची कंबर अशी धरली होती, की त्यांना ताठ बसता येईना. ते पाहून बायका रडल्या.

बाबारावांनी रवीला फोन लावला.

"बाबा, ते रेसिंगची फ्रेम हाय. पुढची नळी आखूड, हँडल खाली अन् दूर. वाकून हवा कापाची असते."

"मले कोनाची हवा कापाची हाय? पाठ सरळ राहीन अशी नाही का?"

"हाय ना, लांब पल्ल्याची. नळी उंच, हँडल जवळ, दोन चाकांत अंतर जास्त. धक्के बी कमी लागतात."

"मंग ते काहून नाही पाठवली?"

"दिसाले हे भारी होती."

पुढच्या सुट्टीत रवीने सायकल बदलून आणली. बाबाराव ताठ बसून निघाले. पाराजवळ ओरडले, "जय भीम, वामनराव! तुरीले फूल आलं का?"

वामनराव बघतच राहिले. मग फुलावर, अळीवर, नेरच्या उशिरा येणाऱ्या एसटीवर दोघं पोटभर बोलले.

संध्याकाळी विमलताई आल्या. हातात डबा नव्हता.

"मान वर झाली तुमची. गावभर चर्चा हाय. कोन हाय ते?"

"कोन म्हंजे? सायकल बदलली!"

"लाजू नोका. कोनी नसन तर नेरले माही मावसबहीण हाय. एकटीच हाय. इचारू का?"

बाबारावांनी भिंतीवरच्या प्रभावतीबाईंकडे पाहिलं. त्यांना हसू आलं. त्यांनी चहा ठेवला. विमलताई चहा पिऊन, सोयाबीनवर भरपूर बोलून गेल्या.

त्यांना उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.