सुतारबाबांचं एन्व्हायर्नमेंट

एका शनिवारी चहा झाल्यावर सुतारबाबांनी ठरवलं, एन्व्हायर्नमेंट डिलीट करायचं. एकदाच. (चोरीसुद्धा माणूस आधी एकदाच करतो.)

झालं होतं असं. लेक नोकरीसाठी दूरदेशी. फळी कुठे कापली म्हणजे लाकूड कमी वाया जाईल, हे सांगणारा पायथनचा प्रोग्राम तिने बाबांसाठी लिहून पाठवला. तो बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या एडिटरमध्ये बसवायला फोनवर दीड तास लागला.

"बाबा, एन्व्हायर्नमेंट म्हणजे या एका कामाची हत्यारपेटी. लागणारी सगळी हत्यारं याच फोल्डरात."

हत्यारपेटी सुताराला कळायला कितीसा वेळ? तरी बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा सांग." दीड तास लेकीचा आवाज कानाशी! मग प्रोग्राम चालू लागला आणि फोन आटले.

म्हणून हा उद्योग. फोल्डर उडवलं, 'चालत नाही' असा निरोप धाडला, की फोन हजर.

"गेलं कसं पण, बाबा?"

"काय की गं. कालपर्यंत धडधाकट होतं."

"बरं, नवीन बनवू. मी सांगते ते टाइप करा."

"सावकाश सांग हं. पी कुठाय?"

असं चार शनिवार चाललं. आतून बायको म्हणाली, "अहो, आठवण येते तर सरळ फोन लावा की पोरीला!"

"कामात असते ती. उगाच त्रास कशाला?"

"मग हा काय, सत्कार चाललाय तिचा?"

पाचव्या शनिवारी फोन आला नाही. निरोप आला, 'मीटिंगमध्ये आहे. इथूनच दुरुस्त करते. हो दाबा.'

बाबांनी हो दाबलं. पडद्यावरचा बाण आपसूक फिरू लागला. लेक घरात आली होती, पण मुक्याने. बाबांना राहवेना.

"जेवलीस का गं?"

"अहो, बाणाला काय विचारताय!"

बाण कचरापेटीवर गेला. पेटी उघडली. आत पाच एन्व्हायर्नमेंटं ओळीने निजलेली, प्रत्येकासमोर तारीख: पाचही शनिवार, सकाळचे नऊ. (उभ्या जन्मात ज्याने लाकडाची ढलपी फेकली नाही, तो पेटी कसली रिकामी करतोय!)

बाण एकेका तारखेवरून फिरला. मग अक्षरं उमटली, 'बाबा, प्रोग्राम ठणठणीत आहे. बिघाड मालकात आहे. उद्या सकाळी फोन करा. काही न मोडता.'

"काय लिहिलंय एवढं?" बायकोने विचारलं.

बाबांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"तांत्रिक आहे. तुला नाही कळायचं."