होटगीला गेलेली किल्ली

शिवयोगीने सायकलच्या किल्लीसाठी खिळ्याकडे हात नेला, तर खिळ्यावर किल्ली नव्हती. त्याने कोटाचे खिसे चाचपले, देव्हाऱ्यापुढची परडी पाहिली, धान्याच्या डब्यांमागे वाकून पाहिलं. मद्रासची गाडी संध्याकाळी होती. तिकीट खिशात होतं. सायकल पडवीत उभी होती, तेल पाजलेली, हळदीकुंकू ल्यालेली, आणि मागच्या चाकाला कुलूप लागलेली.

"महानंदा, किल्ली पाहिलीस का गं?"

महानंदा वाटेसाठी कडक भाकरी फडक्यात बांधत होती. तिचा हात गाठीवरच थांबला. शुक्रवारपासून आपण केवढी चूक पोटात घेऊन वावरतोय, हे तिला त्या क्षणी कळलं.

"आहे," ती म्हणाली. "सुखरूप आहे."

"कुठं?"

"होटगीला."

शिवयोगी पाटावर बसला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता बसला.

सूतगिरणीच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकच हट्ट धरला होता. मद्रासपर्यंत गाडीने जायचं, तिथल्या समुद्राचं पाणी चाकाला लावायचं, आणि रामेश्वर, कन्याकुमारी करत सायकलीने सोलापूरला परत यायचं. दोनदा तो निघाला होता आणि दोनदा राहिला होता. एकदा आईला ताप आला, एकदा बरोबरच्या मित्राला घरच्यांनी सोडलं नाही. दोन्ही वेळा कचेरीने हार घातले होते. तेव्हापासून तो नुसता चहाला जाऊन आला तरी हेडक्लार्क शिवलिंगप्पा विचारायचे, "काय शिवयोगी, आली का कन्याकुमारी?" या खेपेला त्याने घरात एवढंच सांगितलं होतं, की आता राहिलो तर सायकल विकून टाकीन. तो हे हळू आवाजात म्हणाला होता, म्हणून महानंदाला त्याची जास्त भीती वाटली होती.

आणि रजा मिळाली ती नेमकी अमावास्येपासून.

शिवयोगीची आई पार्वतम्मा यांनी "आवसेला लेकरू घराबाहेर सोडनार न्हाय" म्हणून जेवण टाकलं. गाडीची तारीख बदलेना, आणि सासूबाई घास घेईनात. तेव्हा महानंदाने आपल्या परीने तोड काढली. तिने प्रस्थान ठेवलं. निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू सुपारी-हळकुंडाबरोबर फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला, असं धरतात. मग खुद्द तो अमावास्येला हलला तरी हरकत नसते. पथ्य एकच. ठेवलेली वस्तू माघारी फिरता कामा नये. फिरली, की प्रवास मोडला.

वस्तू अशी हवी, की प्रवासात तिचं काम आहे, पण निघेपर्यंत तिची आठवण होणार नाही. महानंदाने बराच विचार करून किल्ली निवडली होती. शुक्रवारी ती मद्रासच्याच वाटेवर असलेल्या होटगीला गेली आणि शिवयोगीची आत्या शरणम्मा हिच्या देवाजवळ किल्ली ठेवून आली. गाडी होटगीला थांबली, की आत्या खिडकीतून किल्ली देणार होती. सायकल सामानाच्या डब्यातून जाणार, तिथे कुलूप असलेलंच बरं, हाही हिशोब तिने केला होता. फक्त भवानी पेठेतल्या घरातून स्टेशनापर्यंत सायकल कशी जाणार, तेवढं राहून गेलं होतं.

"दुसरी किल्ली?" शिवयोगीने विचारलं.

"दोन्ही एकाच सुतळीत होत्या," ती म्हणाली.

शिवयोगी सायकलवाल्या गुरुबसप्पाकडे धावला. दुकान बंद होतं. घरी गेला, तर गुरुबसप्पा हत्यारं धुऊन, त्यांना विभूती लावून, त्यांच्यापुढे नारळ ठेवून बसला होता. आज सगळ्या पेठेत कुणी लोखंडावर हातोडा मारणार नाही, उद्या पहाटे उठून कुलूप तोडून देतो, असं तो फार मायेने म्हणाला. शिवयोगी परत येऊन वरवंटा शोधू लागला, तेव्हा पार्वतम्मा वरवंटा पदराखाली घेऊन बसल्या होत्या. निघताना मोडतोड त्यांना चालणार नव्हती. सारं गाव अमावास्या पाळत होतं, रेल्वेला तेवढी ती नव्हती. त्यात आणीबाणीमुळे त्या वर्षी गाड्या वेळेवर धावत होत्या, म्हणजे तीही आशा नव्हती.

शेवटी शिवयोगीने मागचं चाक कॅरिअरला धरून उचललं. महानंदाने हँडल धरलं. मागून पार्वतम्मा भाकरीचं गाठोडं घेऊन निघाल्या. एका टांगेवाल्याने सायकलीचं तेल गादीला लागेल म्हणून घोडं पुढे काढलं. महानंदाला सोमवारचा उपास होता आणि ऊन अजून तापलेलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती मनात सिद्धरामेश्वराला सांगत होती, की चूक माझी आहे, शिक्षा मला दे, पण गाडी चुकू देऊ नको.

कुलूप लावलेली सायकल उचलून घाईघाईने चाललेला माणूस कसा दिसतो, हे त्या तिघांच्या डोक्यात आलं नाही. चौकात उभ्या असलेल्या मानसिंग पोलिसाच्या मात्र आलं.

"थांबा. सायकल कुनाची?"

"माझी," शिवयोगी धापा टाकत म्हणाला.

"किल्ली कुटं हाय?"

"होटगीला."

मानसिंगने शिट्टी तोंडातून काढली. "सायकल हितं आन किल्ली होटगीला. मंजे किल्ली फुडं गेली, सायकल मागनं चाललीय, व्हय?"

"तसंच आहे," महानंदा म्हणाली. मग तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. मानसिंग ऐकता ऐकता मवाळ झाला. त्याच्या आईनेही तो भरतीला निघाला तेव्हा प्रस्थान ठेवलं होतं, त्याची चप्पल. अनवाणीच तो वेशीपर्यंत गेला होता. त्याने हँडलवरचा महापालिकेचा बिल्ला पाहिला, काठी बगलेत मारली, आणि बाईंना हे ओझं झेपायचं नाही म्हणून हँडल स्वतः धरलं.

त्याने काम सोपं झालं, शोभा मात्र गेली. पुढे पोलीस, मागे सायकल उचललेला शिवयोगी, त्यामागे डोळे पुसणारी म्हातारी, अशी वरात स्टेशनात शिरली, तेव्हा कचेरीची मंडळी हार घेऊन दारातच उभी होती. कुणी हार पाठीमागे लपवला. शिवलिंगप्पा चष्मा पुसून म्हणाले, "शिवयोगी, या खेपेला सरकारनंच अडवलं व्हय रे?"

पार्सल कचेरीतल्या बाबूला कुलपाचं काहीच वाटलं नाही. त्याने सायकलीला चिठ्ठी चिकटवली, पावती दिली, आणि गाडी आली की हमाल उचलून डब्यात टाकतील, असं सांगितलं. सायकल भिंतीशी उभी करून सगळे फलाटावर निघाले. महानंदाने मागे वळून पाहिलं. तेल पाजलेली, चकाकणारी सायकल, आणि आजूबाजूला हजार माणसं. तिला राहवलं नाही.

"दादा," ती मानसिंगला म्हणाली, "एवढं केलंत, अजून जरा लक्ष ठेवाल का? कुणाला हात लावू देऊ नका."

"माशी बसू देनार न्हाय," मानसिंग म्हणाला.

फलाटावर हार घालणं चाललं होतं. तेवढ्यात होटगीकडून आलेल्या पॅसेंजरमधून एक उंच, कपाळभर विभूती लावलेली बाई उतरली. शरणम्मा आत्या. तिने मूठ वर केली. मुठीत लाल फडकं होतं.

"म्हनलं, खिडकीतनं द्यायला जमलं न्हाय तर पोराचा खोळंबा व्हायचा," ती म्हणाली. "घे की रे. घेऊनच आले."

शिवयोगीचा चेहरा उजळला आणि त्याने हात पुढे केला. पार्वतम्मांनी तो मनगटाला धरून मागे ओढला.

"हात लावू नको. माघारी फिरली रे किल्ली."

सासूबाईंचं खरं होतं. होटगीला पोचलेलं प्रस्थान पुन्हा सोलापुरात आलं होतं. पार्वतम्मा म्हणू लागल्या, की मोडला प्रवास, चल घरी, पुढच्या महिन्यात जा. आत्याला आपण काय केलं ते कळून तीही रडू लागली. शिवयोगीने गळ्यातला हार काढला आणि घडी घालू लागला. शिवलिंगप्पांनीही तोंड उघडलं नाही, यावरून ते किती वाईट दिसत होतं ते समजावं.

गाडीचा धूर लांबवर दिसला. महानंदा सासूबाईंपुढे कधी बोलत नसे.

"अव्वा," ती म्हणाली, "किल्ली आपल्या उंबऱ्यात कुठं आली आहे? आत्याबाईंच्या मुठीतून सुटली पण नाही. होटगीची वस्तू होटगीच्या माणसाच्या हातात आहे. आत्याबाई याच गाडीनं परत जाऊ देत. हे समोरच्या बाकावर बसतील, किल्लीला हात लावणार नाहीत. होटगीच्या फलाटावर उतरून आत्याबाई खिडकीतून देतील. ठरलं होतं तसंच होईल."

पार्वतम्मांनी शरणम्माकडे पाहिलं. शरणम्माने मूठ आणखी आवळली.

"मधी उघडायची न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

"मेले तरी न्हाय," शरणम्मा म्हणाली.

गाडी आली. आत्याला आधी चढवलं, मग शिवयोगीला. घडी केलेला हार पुन्हा त्याच्या गळ्यात पडला. आत्याला खिडकीची जागा मिळाली. मूठ छातीशी धरून ती देवळात बसल्यासारखी बसली. शिवयोगी समोर बसला, हात मांडीखाली घालून. गाडी हलली, तसं त्याने महानंदाकडे पाहिलं, आणि पाडव्याच्या सकाळी हसतो तसा हसला. महानंदाने हात जोडले. ते त्याला होते की देवाला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"गेला की खरंच," शिवलिंगप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता.

सगळे बाहेर निघाले. पार्सल कचेरीपाशी महानंदा थबकली. भिंतीशी सायकल उभी होती. चिठ्ठी लावलेली, हळदीकुंकू ल्यालेली, मद्रासला निघालेली सायकल. सीटवर मानसिंगचा हात होता. समोर दोन हमाल कपाळाला हात लावून बसले होते आणि बाबू आत कुणाला तरी ओरडून काही सांगत होता.

"बाई, बरं झालं तुमी सांगितलं ते," मानसिंग म्हणाला. "हे दोगं सरळ उचलून चालले होते. म्हनलं, किल्ली दाखवा. किल्ली न्हाय. मी सोडतोय व्हय?"

बाबू बाहेर येऊन म्हणाला, की सायकल उद्याच्या गाडीने जाईल, मद्रासला तार करतो, साहेबांना तिथे एक दिवस थांबावं लागेल. पार्वतम्मा बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवला.

"उद्या पाडवा," त्या म्हणाल्या. "मंजे सायकल आवसेला हललीच न्हाय." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर विभूती हँडलला लावली.

"मग घरी न्यायची का ही?" मानसिंगने विचारलं.

"नको," महानंदा घाईने म्हणाली. "निघालेली आहे ती. माघारी नको."

"मग मालकाला बोलवा. त्येंच्या ताब्यात देतो आन मोकळा हुतो."

"ते आता होटगीला पोचत असतील."

मानसिंगने कुलपाकडे पाहिलं. "आन किल्ली?"

महानंदाने रुळांकडे पाहिलं. गाडीचा शेवटचा डबा केव्हाच दिसेनासा झाला होता.

"तीपण," ती हळूच म्हणाली.

मानसिंगने सीटवरचा हात काढला नाही. दुसराही ठेवला.