कुद्रतला पुन्हा नांदवण्याबाबत

निघून गेलेलं माणूस परत घ्यावं की नाही, हा प्रश्न मानवजातीला फार पूर्वीपासून छळत आलेला आहे. त्यावर छापील फॉर्म निघाल्यापासून तो निम्म्याने सोपा झाला आहे. फॉर्म फक्त नवरा-बायकोसाठी आहे, एवढीच काय ती अडचण. पण अडचणीतून वाट काढण्यात आमचं अनोरझोर गाव सगळ्या फरगाना खोऱ्यात (निदान खोऱ्याच्या आमच्याकडच्या अर्ध्या भागात) नावाजलेलं आहे.

मी तुर्गुन, मोहल्ल्याच्या समेट समितीचा चिटणीस. आमच्याकडे जोडप्याला काडीमोड हवा असेल तर आधी या समितीसमोर बसावं लागतं. समिती चहा पाजते, दोघांचं ऐकून घेते, दोघांनाही थोडं थोडं लाजवते आणि घरी पाठवते. गेल्या अकरा वर्षांत आम्ही दोनशे सहा जोडपी पुन्हा नांदायला लावली. त्यातली किती सुखात आहेत, हा रकाना फॉर्मवर नाही. अध्यक्षा सलोमतओपा (ओपा म्हणजे ताई) चाळीस वर्षं सुईण होत्या. समितीसमोर येणाऱ्या बहुतेकांना आयुष्यातली पहिली चापट त्यांनीच मारलेली आहे, आणि दुसरी मारायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला आहे.

तर झालं असं, की आमच्या फुटबॉल संघाने (नाव ‘अनोर’, म्हणजे डाळिंब) गेल्या हंगामात अकरा सामन्यांत पाच गोल केले. त्यातले दोन समोरच्यांनी चुकून आपल्याच जाळीत मारले होते. नेमका त्याच सुमारास कुद्रत गावात परत आला.

कुद्रत एकतीस वर्षांचा आहे आणि डाव्या पायाने खेळतो. आमच्याकडून त्रेसष्ट सामन्यांत एकेचाळीस गोल करून तो दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला होता. मधल्या काळात तीन संघांनी त्याला घेतलं आणि तीन संघांनी काढलं. आता तो मैदानाच्या भिंतीला लागून असलेल्या आईच्या घरी द्राक्षांच्या मांडवाखाली बसून असायचा. त्याला परत घ्यायचं का? यावरून चहाखान्याचे दोन भाग पडले. ‘घ्या’वाले पाटाच्या अलीकडे बसू लागले आणि ‘नका घेऊ’वाले पलीकडे. मालकाला चहाचे दोन सामोवार पेटवावे लागले.

आमचे कोच मोमिनअका (अका म्हणजे दादा) पलीकडे बसायचे. ते म्हणाले, “त्याचा डावा पाय अल्लाने सावकाश बसून बनवला, आणि बाकीचा कुद्रत घाईघाईत उरकला. मला नुसता पाय आणून द्या, मी आज घेतो.”

प्रकरण जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या हाकिमसाहेबांकडे गेलं. हाकिमसाहेब म्हणाले, “मोहल्ल्याचं मोहल्ल्यात मिटवा.” गेलेलं माणूस परत आणण्याचा अनुभव असलेली मोहल्ल्यात एकच संस्था होती. फॉर्म आमच्याकडे आला.

पहिल्याच ओळीला गाडं अडलं. पती कोण आणि पत्नी कोण?

“मी याचा नवरा?” मोमिनअका ताडकन उठले. “साठी आली माझी! नातवंडं शाळेत जातात!”

“मोमिनजान, वय काढू नका,” सलोमतओपा म्हणाल्या. “मैदान कुणाचं? क्लबचं. घर ज्याचं तो नवरा. निघून कोण गेलं? हा गेला. म्हणजे ही बायको. बसा खाली.”

तर्क बिनतोड होता. कुद्रतनेही हरकत घेतली नाही. तो टोपी हातात धरून, मान खाली घालून बसला होता, आणि खरं सांगायचं तर आजवर आमच्यासमोर आलेल्या पत्नींमध्ये इतकी शालीन पत्नी दुसरी आठवत नाही.

सासूच्या रकान्यात सर्वानुमते प्रेक्षकांची पूर्वेकडची बाकं लिहिण्यात आली. तिथे रोजचे तेवीसशे लोक बसतात. त्यातले चौघे उलटतपासणीला बोलावले तेव्हा चौघेही रडले. सासू सुनेसाठी रडते आहे हे दृश्य समितीच्या इतिहासात पहिलंच. आम्ही ते शुभलक्षण समजलो.

मग गुन्ह्यांची यादी. घर सोडताना काय नेलं? तर गोलची जाळी. द्राक्षांवर पाखरं बसू नयेत म्हणून ती त्याने आईच्या मांडवावर टाकली होती. (त्यामुळे पुढचे पाच सामने संघ एका बाजूला जाळीविना खेळला, आणि चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर दोनदा दात पडले.) घरातल्या वस्तूंची नासधूस? गवत कापायचा ट्रॅक्टर कालव्यात. हात उगारला का? नाही. फक्त एकदा पंचाने गोल नाकारला तेव्हा कुद्रतने त्याला रडत रडत मिठी मारली, त्यात पंचाची बरगडी गेली. ही मारहाण धरायची की माया, यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ‘नातेवाइकांशी अतिजवळीक’ असं लिहून पुढे गेलो.

सगळ्यात गंभीर बाब लाव्याची. कुद्रतला लावा पक्षी पाळायचा नाद. बाहीत घालून सगळीकडे न्यायचा. एका सामन्यात कॉर्नरच्या वेळी त्याला उडी मारायची होती म्हणून त्याने तो पक्षी आमच्याच गोलकीपरकडे दिला, “जरा धर” म्हणून. चेंडू आला आणि सरळ आत गेला. गोलकीपरचा जबाब फाइलला आहे. त्यात तो म्हणतो, “पक्षी गरम होता, त्याचं काळीज धडधडत होतं, माझ्याने सोडवेना.”

आणि दारू. तिला फॉर्मवर वेगळा रकाना असतो. तो अपुरा पडला म्हणून पुरवणी जोडली.

शेवटी सलोमतओपांनी विचारलं, “बाळा, तुला परत का यायचंय?”

कुद्रत म्हणाला, “ओपा, मला सोडायचीय. एकट्याने सुटत नाही, करून बघितलं. सकाळी कुणी वाट बघत असलं ना, की सुटते. तिकडे माझी कुणी वाट बघायचं नाही. मी धड खेळलो की टाळ्या, आणि पडलो की जास्त टाळ्या.” मग म्हणाला, “मला बाकावर बसवा, गोल करू देऊ नका, पण सकाळच्या सरावाला येऊ द्या.”

मला गलबलून आलं. हे इतिवृत्तात नोंदवलेलं नाही.

नियमाप्रमाणे नांदायला आलेल्या पत्नीवर तीन महिने देखरेख असते. दर आठवड्याला समितीच्या दोन ज्येष्ठ सदस्या घरी जातात, चहा घेतात, आणि शंभरपैकी गुण देतात. त्यांनी कुद्रतला पहिल्या आठवड्यात एकसष्ट दिले. चौथ्यात चौऱ्याहत्तर. त्याने लावे विकले. जाळी धुऊन, फाटलेल्या ठिकाणी आईकडून विणून घेऊन परत केली. पंचाच्या घरी जाऊन, हात मागे बांधून, माफी मागितली. सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा, येताना तंदूरमधला गरम नान आणायचा, आणि मोमिनअकांच्या हातात द्यायचा. मोमिनअका पहिले पंधरा दिवस तो नान कोंबड्यांना घालत होते. सोळाव्या दिवशी त्यांनी खाल्ला. बाराव्या आठवड्यात सत्त्याण्णव गुण पडले. (तीन गुण चहा पातळ केल्याबद्दल कापले.) दोनशे सहा जोडप्यांत सत्तरच्या वर कुणी गेलेलं नव्हतं. समितीने त्याला शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं, आणि हंगामासाठी तो पुन्हा ‘अनोर’चा झाला.

पहिल्या सामन्याला गाव लोटलं. बाया भिंतीवर चढल्या. कुद्रत नव्वद मिनिटं खेळला. मोकळ्या माणसाला पास दिला, पडलेल्याला हात देऊन उठवलं, पंचाने शिट्टी वाजवली की “बरोबर आहे” म्हणून मागे सरला. बरोबरी झाली. दुसऱ्या सामन्यात बरोबरी. तिसरा आम्ही एक-शून्यने जिंकलो. गोल एका लाजाळू पोराने केला, कुद्रतने आयता वाढून दिलेल्या चेंडूवर. हंगाम संपेपर्यंत ‘अनोर’ खालून दुसऱ्याचा वरून चौथा झाला होता.

प्रेक्षक तेवीसशेचे चारशे झाले होते.

आधी नुसती कुजबुज होती. मग समितीकडे सहाशे अकरा सह्यांचा अर्ज आला. भाषा सौम्य होती, पण मुद्दा स्पष्ट होता: समितीने परत आणलेला इसम आमचा नव्हे. चहाखान्यात लोक तोंडावर बोलायला लागले.

“अरे कुद्रत, मेलास की काय रे?”

“शिट्टीला ‘बरोबर आहे’ म्हणतो! ह्याच्यापेक्षा आमच्या घरी बायको भांडते, ते बघायला पैसे पडत नाहीत.”

“एकदा तरी घसर बाबा. पोरांना दाखवायला आणलं होतं मी.”

पुढे पुढे त्याच्या दाराशी बाटल्या सापडू लागल्या. कोण ठेवतं ते कळेना. एकदा पिंजऱ्यात लावाही सापडला, वर रिबीन बांधलेली. कुद्रत दर सोमवारी त्या बाटल्या न उघडता समितीच्या कचेरीत आणून जमा करायचा आणि पावती मागायचा. सलोमतओपा पावती लिहीत असताना तो खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. अशा चौदा बाटल्या जमल्या. (त्यांची समितीने विल्हेवाट लावली. कशी, हा रकाना नाही.)

हंगाम संपला आणि करार पुन्हा करायचा की नाही हा विषय बैठकीत आला. मोमिनअका स्वच्छ सदरा घालून, हजामत करून आले होते.

“मी आधी नको म्हणत होतो, ते विसरा,” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. असा माणूस नाही मिळाला. पोरं त्याच्याकडे बघून वेळेवर येतात. आणि तुम्हाला सांगतो, ह्याला काढलंत तर...” मग त्यांनी रुमाल काढला. साठीच्या माणसाला असं नाक पुसताना बघणं बरं वाटत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी कागदात डोकं घातलं.

सलोमतओपा म्हणाल्या, “मी ठेवा म्हणते. पोरगं काठावर उभंय, आणि आपण त्याच्या हातातली दोरी मोजत बसलोय.”

पण समितीला सासूचंही ऐकावं लागतं. नियम पंधरा. सासूच्या सहाशे अकरा सह्या होत्या, आणि हाकिमसाहेबांनीही कुणाकरवी कळवलं होतं की मैदान रिकामं दिसतं, वरून पाहुणे येणार आहेत. मतदान झालं. ठेवा, तीन. नको, चार. चौथं मत चिटणिसाचं, म्हणजे माझं. मी कारण लिहिलं: ‘सहजीवनात गोडी उरलेली नाही.’ फॉर्मवर या कारणाला आधीपासून चौकट छापलेली आहे. नुसती खूण करायची असते.

कुद्रतला आत बोलावलं.

“माझं काय चुकलं?” त्याने विचारलं.

“काही नाही रे बाळा,” सलोमतओपा म्हणाल्या. “एवढं एकच कर, माझ्याकडे येत जा.”

“येतो, ओपा,” तो म्हणाला. त्याने खेळायचे कपडे धुऊन घडी घालून आणले होते. ते टेबलावर ठेवले, सगळ्यांना सलाम केला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. जातानासुद्धा काही मोडलं नाही, आणि हा मुद्दा आमच्या निर्णयाला पुष्टी देणारा म्हणून नोंदवला आहे.

त्यानंतर तो सोमवारी येईनासा झाला. म्हणजे दारात बाटल्या सापडणं थांबलं असावं, असा अर्थ समितीने काढला आहे. सलोमतओपांनी वेगळा अर्थ काढला आणि राजीनामा दिला. त्या आता रोज सकाळी कुद्रतकडे त्या द्राक्षांच्या मांडवाखाली जाऊन बसतात. तिथे काय चालतं ते समितीच्या कक्षेबाहेर आहे.

क्लब नवीन माणसाच्या शोधात आहे. हुन्नरी हवा, आणि थोडा बिघडलेला हवा. सुधारण्याची इच्छा असल्यास अर्जात आधीच नमूद करावं.

राहता राहिली ठरावाची एक औपचारिकता. त्यावर एका त्रयस्थाची सही लागते, ज्याने प्रकरण पहिल्यापासून ऐकलं आणि मध्ये कुठे थांबवलं नाही. या अटीत तुम्ही बसता. आता चेहरा पाडू नका. तो बिघडलेला होता तोवर तुम्ही मजेत वाचत होता, आणि सत्त्याण्णव गुण पडले तसे पुढे कधी काय होतंय म्हणून भराभर खाली उतरलात. ते आम्हाला इथून दिसलं. आम्ही चौघांनीही काही वेगळं केलं नाही.

सही इथे करा. नाव नंतर भरू.