नाकवाले मेष्ट्रू

आमच्या समोरचे मेष्ट्रू कुठलीही वस्तू आधी हुंगायचे आणि मग बघायचे. पेपर आला की हुंगायचे. पाहुणा आला की त्याची पिशवी हुंगायचे. एकदा पोस्टमनच्या हातातलं पाकीट हुंगून म्हणाले, "धारवाडहून आलंय." पाकिटावर धारवाडचा शिक्का होता. मी तो दाखवला, ते त्यांना आवडलं नाही.

मेष्ट्रू म्हणजे कन्नडात मास्तर. नाव भीमराव. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं पिढ्यानुपिढ्या बंगळुरात मुरलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. सरकारी शाळेत गणित शिकवायचे. वर्गात शिरताच कुणाच्या डब्यात काय आहे ते सांगायचे, म्हणून पोरं त्यांना मूगु मेष्ट्रू म्हणत, नाकवाले मास्तर. दुसऱ्या कुणाला राग आला असता. हे मात्र ते नाव पाहुण्यांना स्वतः सांगत.

नाक दिसायला काही विशेष नव्हतं. बसकं, आणि त्यात दिवसभर तपकीर. मी एकदा विचारलं, एवढी तपकीर कोंबल्यावर वास शिरतो कुठून? म्हणाले, "अक्का, तपकीर म्हणजे नाकाची केरसुणी. झाडलेल्या घरातच लक्ष्मी येते." माझं शिक्षण चौथीपर्यंत. मास्तर लोकांशी मी वाद घालत नाही. पण त्यांचे रुमाल धुणाऱ्या त्यांच्या बायकोला, सरोजाला, विचारलं असतं तर लक्ष्मीचा रंग कसा असतो ते तिने सांगितलं असतं.

त्यांच्या नाकाचा खरा हंगाम थंडीचा. संक्रांतीच्या सुमाराला बंगळुरात अवरेकाई येते. महाराष्ट्रातल्या लोकांनी पावट्याची बहीण समजावी. देवनहळ्ळीकडच्या शेतांवर पहाटे धुकं बसतं, दव पडतं आणि शेंगेला एक तेलकट, रानवट वास येतो. बोटांना चिकटतो, साबणाने जात नाही. त्याला इथे सोगडु म्हणतात. सोगडु असेल तर ती अवरेकाई, नसेल तर गुरांचं खाणं, असं मेष्ट्रूंचं मत.

रविवारी सकाळी कानटोपी घालून ते बाजाराला निघत. मागे पिशव्या घेऊन त्यांची एकुलती एक मुलगी पद्मा. ही बालवाडीत शिकवायची, चेहऱ्याने बापावर आणि सुदैवाने नाकाने आईवर गेलेली. रस्त्याकडेच्या प्रत्येक ढिगापाशी मेष्ट्रू उकिडवे बसत. पद्मा ओंजळभर शेंगा उचलून त्यांच्या हातात देई. ते डोळे मिटून हुंगत, मान हलवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत, "डोळा फसतो, कान फसतो. नाक फसत नाही." विकणारी म्हातारी म्हणे, "सरी मेष्ट्रे, बरोबर आहे, आता स्वल्प बाजूला बसा. गिऱ्हाइकाला शेंगा दिसू देत."

पण त्यांनी आणलेली अवरेकाई खरोखर चांगली असे, हे मी मान्य करते. आमच्या वठारातल्या बायका, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या सगळ्या बिऱ्हाडांतल्या, मग तूप, हिंग, तांदूळ घेऊन त्यांच्याकडे जात. पद्मा दारात वाटी घेई. कधी बापाच्या हातात देई, कधी त्यांच्यापुढे कट्ट्यावर ठेवी. मेष्ट्रू वास घेऊन निकाल देत, आणि निकाल चुकत नसे. तूपवाला आमच्या गल्लीत शिरताना घाबरायचा.

आणलेल्या शेंगांचं पुढचं काम सगळ्या घराचं. दाणे काढायचे, रात्रभर भिजवायचे आणि सकाळी अंगणातल्या उन्हात चटई टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून उडवायचा. दाणा पातेल्यात पडायला हवा. तो पडे मेष्ट्रूंच्या चष्म्यावर, सरोजाच्या अंबाड्यात, माझ्या कॉफीत. नेम लागला की पद्मा खिदळे आणि मेष्ट्रू गणिताच्या मास्तरासारखे गंभीरपणे सांगत की कोन चुकला. जो कुणी चटईजवळून जाईल त्याच्यापुढे ते मूठभर दाणे ठेवत. विजेचं मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा सोलून गेलेला मी पाहिला आहे. उन्हात तिघं बसलेली असत, सालींचा ढीग वाढत असे. बरी दिसायची.

शिवरात्रीपर्यंत त्यांच्या घरात दुसरं काही शिजत नसे. उप्पिटात अवरेकाई, भाकरीत अवरेकाई, आमटी तिचीच. सरोजा वाटीभर आमटी पदराखाली घेऊन माझ्याकडे येई आणि बदल्यात वांग्याची भाजी मागून उभ्या उभ्या खाऊन जाई. "सांगू नका हं," म्हणायची. मी कशाला सांगते? पण वांग्याचा वास घरभर घेऊन जायची आणि मेष्ट्रूंना तो कधी आला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पद्माला स्थळं येऊ लागली, ती नाही म्हणू लागली. पुण्याहून एक मुलगा आला. कॉम्प्युटरवाला, इंदिरानगरात ऑफिस. पुढे पुण्यालाच परत जाणार होता. त्याची आई आमचं मराठी ऐकून म्हणाली, किती गोड, थोडं वेगळं, पण गोड. मेष्ट्रूंनी मुलापुढे दाण्यांची ताटली ठेवली. त्याने एक दाणा दाबला, बोटं हुंगली आणि हात धुवायला गेला. परत आला आणि पुन्हा गेला. तरी मेष्ट्रूंना स्थळ पसंत होतं, कारण पगार चांगला होता. पद्मा नाही म्हणाली. त्याआधी बेळगावला नाही म्हणाली होती, हुबळीलाही.

सरोजाने मला तिच्याशी बोलायला सांगितलं. मी पद्माला दळणाच्या निमित्ताने बोलावलं आणि सरळ विचारलं, कुणी मनात आहे का? नाही म्हणाली. मग काय राजपुत्र हवा? तेव्हा तिने जे सांगितलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता मेष्ट्रू नाहीत, सांगायला हरकत नाही.

मागे एका थंडीत मेष्ट्रूंना मोठी सर्दी झाली आणि ती जाताना वास घेऊन गेली. पद्मा एकदा शाळेतून आली तर स्वयंपाकघरात गॅस गळत होता, घरभर वास, आणि मेष्ट्रू तिथेच पाटावर बसून पेपर तपासत होते. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, म्हणाली, फार उकडतंय. थंडीचे दिवस होते. मेष्ट्रूंनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपर तपासू लागले. तेव्हापासून ती आधी वास घ्यायची. चांगलं असेल ते त्यांच्या हातात, नसेल ते कट्ट्यावर ठेवायची. दोघांमध्ये यावर एक शब्द झाला नव्हता.

मी म्हटलं, वास गेला म्हणून कुणी मरत नाही. सांगून टाका आणि मोकळे व्हा.

ती म्हणाली, "अक्का, हेडमास्तर त्यांना कधी झाले नाहीत. घर स्वतःचं नाही. लोक नाव काढतात ते नाकाचं. मी गेले की त्यांच्या हातात कोण देणार?"

मी तिला दळण देऊन पाठवलं.

त्याच माघात जवळच्याच येलहंक्याचं स्थळ आलं. मुलगा मोहन, रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर. आई आणि मामांना घेऊन तो रविवारी आला. घरात मोठं माणूस हवं म्हणून सरोजाने मला दाराशी बसवलं. पद्मा आत कॉफी करत होती.

मामा मोठे हौशी. मेष्ट्रूंची कीर्ती ऐकून देवनहळ्ळीच्या बाजूच्या एका शेतातून पिशवीभर अवरेकाई घेऊन आले होते. मात्र बसमध्ये पिशवी कुणाच्या तरी रॉकेलच्या डब्याला टेकून बसली असावी. ते दारात आले आणि सगळ्या खोलीत रॉकेल दरवळलं. मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. मामा स्वतः तपकीरवाले, त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पिशवी मेष्ट्रूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, कसा आहे माल."

मेष्ट्रूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी शेंगा उचलल्या, डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

"वा," म्हणाले. "याला म्हणतात सोगडु. नाक फसत नाही."

सरोजा जमिनीकडे बघत होती. मुलाची आई भावाकडे. तेवढ्यात पद्मा कॉफी घेऊन दारात आली, तिला वास आला आणि बापाच्या हातातल्या शेंगा दिसल्या. ती उंबऱ्यातच थांबली. ती लग्नाच्या मुलीसारखी लाजत होती असं कुणाला वाटलं असेल. तिचा चेहरा मी बघितला, आणि मोहननेही बघितला.

तो उठला. "दव भारी पडलं होतं तिकडे," म्हणाला. "वास उग्र येणारच. स्वल्प वारा लागू दे." आणि मेष्ट्रूंच्या मांडीवरून पिशवी उचलून बाहेर कट्ट्यावर ठेवून आला.

त्या बिचाऱ्याला या घरात कट्ट्यावर ठेवण्याचा अर्थ काय ते ठाऊक नव्हतं. मेष्ट्रूंना होतं. त्यांनी कट्ट्यावरच्या पिशवीकडे बघितलं, मग हातात राहिलेल्या चार शेंगांकडे. त्या हळूच पायाशी ठेवल्या. खिशातून तपकिरीची डबी काढली आणि मामांपुढे धरली. पुढे दोघंही शिंकत राहिले, त्यामुळे बोलायचा प्रश्न मिटला.

संध्याकाळी मी पद्माला विचारलं, मुलगा कसा वाटला? म्हणाली, "काही विचारलं नाही त्यांनी." एवढंच. मेष्ट्रूंनी सरोजाला सांगितलं, हे स्थळ सोडायचं नाही. पगार विचारायचा राहिला, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

लग्न झालं. आणि मेष्ट्रूंना सर्दी झाली. ती वर्षभर गेली नाही. कुणी तूप आणलं की रुमाल काढून म्हणत, "आज नको, सर्दी आहे." ऐन उन्हाळ्यात, पोरं आंबे खात असताना, मेष्ट्रूंना सर्दी. तूपवाला पुन्हा ताठ मानेने गल्लीत येऊ लागला. बायका हळूहळू जायच्या थांबल्या.

पुढच्या थंडीत पद्मा दर रविवारी पहिल्या बसने येलहंक्याहून येई, पिशवी घेऊन. दारातच ओंजळभर शेंगा त्यांच्या हातात देई. ते हुंगून "सरी" म्हणत. चटई पडे, मोहन पातेल्याऐवजी सासऱ्याच्या कानटोपीत दाणे उडवी आणि मेष्ट्रू कोन समजावून सांगत. आठवडाभर मात्र दोघंच बसत. सरोजा सोलायची आणि ते बाजूला पेपर तपासायचे. दाणे उडत नसत. सरोजा ते नीट पातेल्यात टाकायची.

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं इथे म्हणतात. ती गेली होती, ऊन चटके देऊ लागलं होतं. त्या रविवारी पद्मा आली नाही. तिला दिवस गेले होते, डॉक्टरने बस नको म्हणून सांगितलं होतं. मेष्ट्रू अंगणात थोडे घुटमळले, मग कानटोपी घालून एकटेच बाजाराला गेले.

परत आले ते पिशवी भरून. घरात न जाता माझ्या दाराशी आले. मी कट्ट्यावर तांदूळ निवडत होते. ते नुसते उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग पिशवीत हात घातला, मूठभर शेंगा काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"अक्का," म्हणाले, "वास येतोय?"

मी घेतल्या. हुंगल्या. चोळून पुन्हा हुंगल्या. शेंगा जून झालेल्या, उन्हाने सुकलेल्या. मी त्या कट्ट्यावर ठेवल्या.

"कसला वास? काही नाही. हंगाम संपला."

मेष्ट्रू कट्ट्यावरच्या शेंगांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रुमाल काढतील, सर्दी म्हणतील. त्यांनी कानटोपी काढली आणि शेंगांच्या शेजारी बसले.

"मलाही नाही आला," म्हणाले.

असं म्हणाले, जणू वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराचं उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळलं. मग त्यांनी एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. मी तांदळाचं सूप बाजूला सारलं.

समोरच्या घरातून सरोजाने हाक मारून विचारलं, आल्या का शेंगा, कशा आहेत?

मेष्ट्रूंनी दाणा उडवला. तो माझ्या तांदळात पडला.

"अक्कांना विचार," ते म्हणाले.