फसलेलं गिऱ्हाईक

आमच्या न्हावऱ्यातल्या आप्पांकडे कुणी काही विकायला आलं, की ते आधी त्याला तांब्याभर पाणी देत आणि मग एकच मागणी करत, "फसलेलं गिऱ्हाईक दाखव."

म्हैस असो, पाण्याची मोटार असो, आप्पांचं ठरलेलं. "चांगलं सांगनारी मानसं तू आननारच. तुझ्याकडनं घिऊन पस्तावलाय त्याचा पत्ता दे." बरेच जण पाणी पिऊन निघून जात. शिरूरच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र हसत हसत कवठे येमाईच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. आप्पा एसटीनं तिकडं गेले, त्याची कवळी उलटीपालटी करून पाहिली, चहा घेतला आणि परत येऊन त्याच डॉक्टरांकडे स्वतःची कवळी करायला टाकली. म्हणाले, "कुठं चुकलं ते त्याला ठाव हाय. आता माझी नीट करंल." झालीही नीट. त्या कवळीनं आप्पा हुरडा खात.

मी त्यांचा शेजारी, गावच्या डेअरीत नोकरीला. आप्पांचं हे खूळ मी बरीच वर्षं चेष्टेवारी नेलं. मग माझी सारिका सायन्स घेऊन बारावी झाली.

मेव्हणा म्हणे डी.एड., सरपंच म्हणे इंजिनिअरिंग. फॉर्म भरायला आठवडा उरला होता. सारिकाला विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल ते." आणि पोरीचं एक वर्ष वाया गेलं, की आमच्याकडे पुढचं वर्ष लग्नाचंच असतं. मला झोप लागेना.

दौंडला झेरॉक्सच्या दुकानावर एक टायवाले साहेब कॉम्प्युटरवर पोरांचा कल काढून देत होते. मी सारिकाला घेऊन निघालो, तर आप्पा टोपी घालून दारात उभे. "मी बी येतो."

साहेबांच्या भिंतीवर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांचे फोटो होते. आप्पांनी सगळे निरखून पाहिले. "सायेब, फसलेली कुठं लावलीत?"

"आमच्याकडे तसं कुणी नाही, बाबा."

आप्पा उठलेच. जिन्यात मला म्हणाले, "एवढ्या म्हशी इकल्या आन् एक बी आटली न्हाई म्हनतोय. चल." मी चिडलो होतो, पण चाललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला शिरूरला कांबळे मॅडमकडे नेलं. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बाई. घराच्या पडवीत बसून पोरांशी बोलायच्या. आप्पांनी बसल्या बसल्या नेहमीचा प्रश्न टाकला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

बाईंनी चष्मा काढला. "आहे की. तुमचाच सुनील."

मी आप्पांकडे पाहिलं. सुनील त्यांचा एकुलता एक मुलगा. चेन्नईला मोठ्या कंपनीत होता, दिवाळीला दोन दिवस यायचा आणि गोठ्यातच बसायचा. त्याला इथं आणलं होतं हे आप्पा मला कधी बोलले नव्हते.

"तासभर तो म्हशींबद्दल बोलत होता," बाई म्हणाल्या. "कुठली कशानं आजारी पडली, डॉक्टरांनी काय केलं. आणि मी त्याचे गणिताचे मार्क बघत होते. इंजिनिअरिंग मी सांगितलं. चूक माझी."

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी बी हितंच बसलो हुतो, बाई. मला तर म्हशीबी ठाव हुत्या."

मग माझ्याकडं वळले. "पोरगी हितंच दाखव."

बाईंनी सारिकाची मार्कशीट पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "बोल." माझी मुलगी घरात एवढं बोललेली मला आठवत नाही. डेअरीत मी दुधाचं फॅट काढायचो तेव्हा ती मशिनशी का घुटमळायची, हे मला त्या पडवीत कळलं. मला स्वतःची लाज वाटली. ती पुढं दुग्धतंत्र शिकली, आज एका प्रयोगशाळेत आहे.

त्या दिवशी आम्ही स्टँडवर आलो तर आप्पा एसटीडी बूथमध्ये शिरले. दार लागत नव्हतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"सुन्या, मी बोलतोय. न्हाई, कुनी आजारी न्हाई. म्हशी बऱ्या हायेत." रिसीव्हर दुसऱ्या कानाला नेला. "तुला तितलं काम आवडतं का रं?"

पलीकडून काहीच येत नसावं. आप्पा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. न्हावऱ्याची एसटी लागली, भरली. मी कंडक्टरला हातानंच जा म्हणून सांगितलं.

"बोल तू," आप्पा म्हणाले. "हाय मी हितं."