हललेलं चित्र

बाळांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक प्रयोगशाळा. जंगल कुठलं ते विचारू नका. प्रयोगशाळा मात्र अनुदानित होती.

तिथे यमुनाक्का नावाची पाणमांजर कामाला होती. एके सकाळी भेकूबाई बेडकीण रडत आली.

"अक्का, तिसऱ्यांदा अंडी घातली. एकातूनही पिल्लू बाहेर येईना गं."

प्रयोगशाळेचे प्रमुख होते सायाळशास्त्री. त्यांनी काही अंडी मागवली, रीतीप्रमाणे उन्हात वाळवली आणि क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकात ठेवली. चित्र असं स्वच्छ आलं की बघत राहावं!

"सुरकुत्या!" शास्त्री म्हणाले. "हा सुरकुती-रोग. अंड्यांना रोज तेल लावा."

यमुनाक्का चाचरत म्हणाली, "शास्त्रीबुवा, वाळवल्यावर सुरकुत्या पडणारच की. अंडं ओलंच ठेवून बघू या का?"

"यमुनाबाई, ओलं अंडं नियमात बसत नाही."

दुपारी शास्त्री वामकुक्षीला गेले. अक्काने दोन पातळ पापुद्र्यांमध्ये थेंबभर पाणी घेतलं आणि त्यात एक अंडं ठेवलं. किरण जास्त सोडले तर आतला जीव जाणार. कमी सोडले तर चित्र पुसट येणार. तिने कमी सोडले.

पुसट चित्रात सुरकुती एकही नव्हती. आत एक जीव वळवळत होता आणि अंड्याभोवती काळ्या कणांचा थर होता. चुना! चुना क्ष-किरण अडवतो, म्हणून या सूक्ष्मदर्शकात तो काळा दिसतो. आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यावर, वरच्या अंगाला, वनराजांच्या मेहुण्याची चुनाभट्टी नुकतीच सुरू झाली होती.

शास्त्री उठताच अक्काने चित्र त्यांच्यापुढे धरलं.

"हे हललंय," शास्त्री म्हणाले.

"आतला जीव हलतोय, शास्त्रीबुवा."

"मग त्याला सांगा, हलू नको म्हणून. असलं चित्र समितीपुढे ठेवता येत नाही. आणि भट्टीचं म्हणाल, तर ते मी ऐकलंच नाही."

अक्का बाहेर आली. भेकूबाई तेलाची वाटी घेऊन बसली होती.

"लावू का गं?"

अक्काने वाटी काढून घेतली. दोघींनी उरलीसुरली अंडी कमळाच्या पानांत घेतली आणि भट्टीच्याही वर, स्वच्छ पाण्याच्या डबक्यात नेऊन सोडली.

नवव्या दिवशी डबकं इवल्या इवल्या शेपट्यांनी भरून गेलं. भेकूबाईला हसावं की रडावं कळेना. अक्का नुसती काठावर बसून राहिली. सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

इकडे तळ्याची पाहणी झाली. शास्त्रींनी अहवालात लिहिलं, 'तळ्यात सुरकुतलेलं एकही अंडं आढळलं नाही. रोगाचं उच्चाटन झालं आहे.' वनराजांनी त्यांना भर सभेत शाल-श्रीफळ दिलं.

त्याच दिवशी यमुनाक्काला मेमो मिळाला. 'नमुने विनापरवानगी जिवंत ठेवल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

तात्पर्य : चित्र स्पष्ट यायला हवं असेल, तर आधी त्यातला जीव काढून घ्यावा. म्हणजे ते हलत नाही आणि कुणाला खुलासाही करावा लागत नाही.