वरच्या मजल्यावरची साखर

शालिकराम हे पांढुर्ण्याचे पहिले, एकमेव आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर 'पुऱ्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात तोड नसलेले' गुप्तहेर होते. आपली नजर भिंतीपलीकडचे पाहते, असे ते सांगत. भिंतीअलीकडचा चष्मा मात्र त्यांना रोज बायको शोधून देई. त्यांचा सहायक म्हणजे सख्खा मेहुणा योगेश. "घरी बसले का माह्या मागं लागते, त्यायले बाहेर नेत जा बाप्पा," अशी बहिणीने गळ घातली म्हणून तो बिचारा या धंद्यात पडला होता.

प्रकरण शेजारच्या मीनाच्या घरी घडले. पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे साहेब-मॅडम जागा शोधू लागले. मीनाने नवऱ्याशी भांडून वरच्या मजल्यावरचा कापूस हलवला आणि तिथे पलंग, शेगडी, भांडी मांडली. या, राहा, आपले आपण रांधून खा! पहिल्याच पाहुण्या आल्या पुण्याच्या उर्मिला मॅडम. पण त्यांना रांधू देतो कोण? गल्लीतून कुणी झुणक्याची वाटी धाडी, कुणी वांग्याच्या भाजीची. मॅडम वाट्या लख्ख धुऊन जिन्यात ठेवत आणि मीनाची सासू देवकाबाई त्या घरोघर पोचवी.

सगळे गोडीत चालले असताना मॅडमच्या डब्यातली साखर रोज कमी होऊ लागली. कुलूप जसेच्या तसे! "पुन्हा कमी झाली तर मी नागपूरला जाऊन राहीन," असे सांगून मॅडमनी बॅगही भरून ठेवली. मीनाचा जीव टांगणीला लागला. पहिलीच पाहुणी अशी गेली, तर नवरा वर पुन्हा कापूस भरणार हे ठरलेले होते.

तिने शालिकरामांना बोलावले. त्यांनी येऊन डबा हुंगला. "मुंग्या! संघटित टोळी हाय."

"भाऊजी, मुंग्या वाटी-वाटीनं नेते का?" योगेशने विचारले.

"टोळी मोठी असन."

मुंग्यांची रांग धरून ते अंगणापर्यंत रांगत गेले. मुंग्या संत्र्याच्या सालींवर खूश होत्या, साखरेशी त्यांचे देणेघेणे नव्हते.

मग संशय खुद्द मॅडमवर. "तुम्ही झोपेत उठून चहा करत असान."

"मी बिनसाखरेचा पिते."

"मंग साखर कायले आणली?"

"कुणी आलं तर असावी म्हणून," मॅडम हळूच म्हणाल्या. योगेशला एकदम वाईट वाटले.

तिसरा संशयित समोरचा वामन. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती. ज्याला बंदी त्यालाच ओढ, असा शालिकरामांचा सिद्धांत. वामन उसळला, "बायकोनं चहा फिका केला, आता तुम्ही माही इज्जत फिकी करून राहिले का?"

"आता सापळा," म्हणत शालिकरामांनी डब्यात भरपूर बारीक मीठ मिसळले. "चहा पिऊन जो थुंकन, तोच चोर!"

दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली थुंकली. पलीकडच्या अंबाबाई तर हातात वाटी घेऊन तणतणत वर आल्या. "मॅडम, माह्या झुणक्यात मीठ कमी होतं तं तोंडानं सांगाचं ना! वाटीभर धाडाचं कायले?"

"मी? मी तर वाटी धुऊन ठेवली होती!"

"तेच तं!" मागून देवकाबाई आली. माठ भरायला ती रोज वर येई, किल्ली तिच्याच कमरेला असे. "रिकामी वाटी परत करते का कोणी? लोकं म्हणतीन, शहराच्या बाईले रीतभात नाही. मी साखर टाकून देत होती. जेवल्या मॅडम, मतलब साखर बी त्यायचीच ना?"

"आई, तुम्ही सांगितलं काऊन नाही?" मीना रडकुंडीला आली.

"मले कोणी इचारलं? हे तं मुंग्याईले इचारून राहिले!"

"चोर घरातलाच, हे मले पहिल्यापासून माहीत होतं," शालिकराम म्हणाले. योगेशने मान डोलावली. मुंग्याही घरातल्याच होत्या.

अंबाबाईंचा राग उतरला. "मी तं सगळ्याईले सांगत होती, मॅडम लय मायाळू हाय म्हणून."

मॅडमना हसू आले आणि लाजही वाटली. आपण इथे डब्यात डोकावत बसलो आणि खाली गल्ली आपले गुण गात होती! त्यांनी अंबाबाईंच्या हातातली वाटी घेतली, मीठ झटकले आणि बॅग उघडली. "आज मी माझ्या हातानं भरते. आईनं चिवडा दिलाय."

चिवडा अगदी तळाशी होता. साड्या बाहेर आल्या, स्वेटर आला, टॉवेल आला. मीना एकेक उचलून कपाटात लावू लागली, आणि मॅडमनी तिला अडवले नाही.